गच्चीवरच्या रिलेंमधली रांग

मुंबईच्या सोसायट्यांत पाण्याच्या दोन टाक्या असतात. पालिकेचं पाणी आधी खालच्या टाकीत येतं आणि पंप ते गच्चीवर चढवतो. वरची टाकी भरल्यावरही पंप चालू राहिला तर पाणी गच्चीवरून वाहतं आणि ते चढवायला लागलेली वीजही वाया जाते. वायरलेस रिले, म्हणजे एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर बिनतारी डेटा पुढे देणारी यंत्रं, यांच्या साखळीत हेच होतं. गेटवरच्या कॅमेऱ्याचं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) ए विंगवरून बीवर आणि बीवरून सीवर पोचलं, पण तिथला बफर (पॅकेटं थांबतात ती रांग) भरलेला म्हणून फेकलं गेलं, तर आधीच्या हॉपचा (रिले ते रिले टप्प्याचा) सगळा एअरटाइम, म्हणजे हवेतून पाठवायला लागलेला वेळ, फुकट गेला. रिले एकाच चॅनेलवर असतील तर तो एअरटाइम सगळ्यांचा सामाईक असतो.

टाकीत आणि बफरमध्ये एक मोठा फरक आहे. पाणी टाकीत तासभर थांबलं तरी वापरता येतं, पॅकेट मात्र शिळं होतं. म्हणून बफर किती पॅकेटांचा आहे हे विचारून उपयोग नाही. पॅकेट त्यात किती वेळ अडकतं, ते विचारायला हवं.

हिशोब करून बघा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर इंटरफेसची (बाहेर जाणाऱ्या जोडणीची) रांग बहुतेक वेळा १००० पॅकेटांची असते. १५०० बाइटची १००० पॅकेटं म्हणजे १२ मेगाबिट. लिंक प्रत्यक्षात ४० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) देत असेल तर भरलेली रांग ०.३ सेकंदात रिकामी होते. जूनमध्ये समोरच्या गच्चीवर पत्र्याची शेड चढली किंवा अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आणि लिंक ६ एमबीपीएसवर आली, की तीच रांग २ सेकंदांची होते. सेटिंगला कोणी हातही लावलेला नसतो. (५ गिगाहर्ट्झवर खुद्द पावसाचा त्रास फारसा नाही. ताशी १०० मिमी पावसातही किलोमीटरला साधारण १ डेसिबल जातो. ६० गिगाहर्ट्झवर तोच आकडा ३० च्या आसपास जातो, तिथे मात्र पाऊसच लिंक पाडतो.)

मग रांग सरसकट लहान केली तर? पॅकेट रांगेत फार तर २० मिलिसेकंद थांबावं असं गणित धरलं तर ४० एमबीपीएसला सुमारे ६६ पॅकेटं येतात. ऐकायला बरं वाटतं, पण कॅमेऱ्यांपुढे टिकत नाही. कॅमेरा दर सेकंद-दोन सेकंदांनी पूर्ण चित्र, म्हणजे की-फ्रेम, पाठवतो. ती १५० केबीची असेल तर १०० पॅकेटं एका झटक्यात येतात. ६६ च्या रांगेत शेपटीकडची ३०-३५ गळतात, आणि पुढची की-फ्रेम येईपर्यंत पडद्यावर करडे चौकोन दिसतात. चार कॅमेऱ्यांच्या की-फ्रेम एकाच क्षणी आल्या तर ४०० पॅकेटं.

म्हणजे झटका सोसायला जागा हवी, पण कायमची रांग नको. हा भेद कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांच्या कोडेल या रांग सांभाळण्याच्या पद्धतीने २०१२ मध्ये सोडवला. कोडेल रांगेची लांबी बघतच नाही. पॅकेट आत किती वेळ होतं, तेवढं मोजतो. हा वेळ सलग १०० मिलिसेकंद ५ च्या वरच राहिला, एकदाही खाली आला नाही, तरच पहिलं पॅकेट टाकून देतो. तरीही रांग हटली नाही तर पुढचं १०० मिलिसेकंदांनी, मग ७१, मग ५८, असा वेग वाढवत नेतो. की-फ्रेमचा ३० मिलिसेकंदांचा झटका त्यातून सुखरूप निघतो. रांगेची पक्की कमाल मर्यादा ५०० पॅकेटांच्या आसपास ठेवा, रोजचं नियंत्रण कोडेलवर सोडा. कॅमेऱ्यांच्या की-फ्रेम शक्य तर वेगवेगळ्या वेळी येतील अशा लावा.

पण ५ मिलिसेकंद हा आकडा तारेच्या नेटवर्कसाठी ठीक आहे. १ एमबीपीएसच्या लिंकवर एक पॅकेट बाहेर पडायलाच १२ मिलिसेकंद लागतात, मग कोडेल विनाकारण पॅकेटं टाकून देत सुटतो. लिनक्सच्या वाय-फाय थरात म्हणूनच हे लक्ष्य २० मिलिसेकंद आहे, आणि मंद स्टेशनसाठी (जोडलेल्या उपकरणासाठी) ५०. ते कमी करायचा मोह आवरा. अ‍ॅग्रीगेशनला (अनेक पॅकेटं एकत्र बांधून पाठवण्याला) एका दमात ६४ पर्यंत वाय-फाय फ्रेम (पॅकेटं) हव्या असतात. रांग फार उपाशी ठेवली की थ्रूपुट, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा वेग, कोसळतो.

आणखी एक अडचण: यूडीपीवरचा (पोचपावतीची वाट न बघता पाठवलेला) व्हिडिओ पॅकेट गळण्याला जुमानत नाही. पोचपावती बघणारा टीसीपी हळू होतो, कॅमेरा होत नाही. एफक्यू-कोडेल हा कोडेलचा प्रकार प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतो, त्यामुळे सेक्रेटरींचा फोन कॉल तरी वाचतो. कॅमेऱ्याचा बिटरेट मात्र कॅमेऱ्यातच उतरवावा लागतो.

आता मुख्य प्रश्न, रांग ठेवायची कुठे? माझं मत ठाम आहे: पहिल्याच रिलेवर. एका चॅनेलवर तीन हॉप एकमेकांच्या टप्प्यात असतील तर एका लिंकच्या ६० एमबीपीएसमधून टोकाला जास्तीत जास्त २० उरतात. लांब साखळीत आदर्श स्थितीतही चौथा हिस्सा, प्रत्यक्षात त्याहून कमी. शिवाय चार किंवा जास्त हॉप झाले की पहिल्या मधल्या रिलेची रांग फुगत जाते, कारण स्रोताला चॅनेल सहज मिळतो आणि त्या रिलेला दोन्ही बाजूंशी झगडावं लागतं. म्हणून गर्दीच्या वेळी, रात्री ८ ते १० मध्ये, आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने टोकापासून टोकापर्यंत मोजा. १८ एमबीपीएस आले तर पहिल्या रिलेवर केक हा लिनक्सचा शेपर (वेगाला मर्यादा घालणारा) लावून मर्यादा १५-१६ वर बांधा. मधल्या रिलेंच्या रांगा मग जवळजवळ रिकाम्या राहतात. शेपर लावता येत नसेल आणि सीडब्ल्यूमिन (पाठवण्याआधी किती थांबायचं ते ठरवणारा आकडा) बदलता येत असेल, तर स्रोताचं १५ वरून ३१ किंवा ६३ करा. तो आपोआप मागे सरतो.

रांग कुठे साचली आहे हे शोधायला आयपर्फ चालू ठेवून एकेका रिलेला क्रमाने पिंग करा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. ए ला ६ मिलिसेकंद, बी ला ९ आणि सी ला ३०० आले, तर आधी बी मधून सीकडे जाणारी रांग तपासा. बी वर टीसी या लिनक्सच्या रांगा सांभाळणाऱ्या आज्ञेची आकडेवारी बघा. बॅकलॉग (रांगेत साचलेला डेटा) मोठा दिसला तर रांग हाताशी आहे. बॅकलॉग शून्य आणि उशीर मात्र तसाच असेल तर पॅकेटं खाली ड्रायव्हर किंवा फर्मवेअरच्या बफरमध्ये दडली आहेत, आणि वर लावलेला कोडेल त्यांना बघूही शकत नाही. तिथे एअरटाइम रांग-मर्यादा (फर्मवेअरकडे एका वेळी किती एअरटाइमची पॅकेटं द्यायची याची मर्यादा) पाळणारा ड्रायव्हर लागतो, नाहीतर शेपरची वेगमर्यादा अजून खाली आणावी लागते. याच वेळी स्टेशन डंपमधले (वाय-फाय जोडणीच्या आकडेवारीतले) रिट्राय, म्हणजे पुन्हा पाठवण्याचे प्रयत्न, बघून घ्या. ते भराभर वाढत असतील तर दोष बफरचा नाही. आधी अँटेना आणि कनेक्टर तपासा.

डीएफएस चॅनेलवर (रडारसोबत वाटून घ्याव्या लागणाऱ्या चॅनेलवर) असाल तर आणखी एक काळजी. रडारची चाहूल लागली की रेडिओ चॅनेल सोडतो, आणि नवा चॅनेलही डीएफएसमधलाच असेल तर निदान ६० सेकंद नुसता ऐकत बसतो. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड (५ गिगाहर्ट्झच्या आसपासचं) रडार आहे, त्यामुळे पश्चिम उपनगरांत ही शक्यता गृहीत धरा. लिंक परत येते तेव्हा मागे साठलेला मिनिटभराचा व्हिडिओ आधी पुढे ढकलला जाऊ नये. लिंक पडताच त्या शेजारच्या रिलेकडे जाणारी रांग रिकामी होते का, हे एकदा रिलेचा प्लग काढून स्वतः तपासा. होत नसेल तर लिंक पडल्यावर रांग पुसणारी स्क्रिप्ट लावा. रेकॉर्डिंग हरवू नये म्हणून कॅमेऱ्यातच मेमरी कार्ड ठेवा, ते काम रिलेच्या बफरवर टाकू नका.