ट्रकच्या पोटाखाली दोन शनिवार

यूटामधल्या मोआबला ‘फिन्स अँड थिंग्ज’ या खडकाळ ऑफ-रोड वाटेवर खडकाची पायरी उतरताना खालून करर्र आवाज आला आणि बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. रिव्हियन आर१टी हा इलेक्ट्रिक पिकअप घेताना कंपनीचं मजबूत तळकवच मी पैसे वाचवायला नको म्हटलं होतं. ते घे असं कोण म्हणालं होतं, ते सांगत नाही.

डेन्व्हरला परतून वाकून पाहिलं, तर पुढच्या मोटरखालच्या कव्हरवर हातभर ओरखडा. डिझेल पिकअपला ऑइल संप, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, फुटायची धास्ती असते. इथे थोडं मागे सरकलं की थेट बॅटरीच लागते, १३५ किलोवॉट-तासांची. संप बदलता येतो. बॅटरीची किंमत मी बघितलीच नाही.

बाहेरच्या कंपनीची स्किड प्लेट, म्हणजे तसंच तळकवच, मागवली, ६ मिमी ॲल्युमिनियमची. खडकावरून स्टील छान सरकतं, ॲल्युमिनियम घासून अडकतं, हे माहीत होतं. पण ही साधारण १३ किलोंची, तीच स्टीलची ३८ किलोंच्या घरात गेली असती. वजन वाढलं की रेंज घटते, अशी मी स्वतःची समजूत घातली. तीन टनांहून जड गाडीला २५ किलोंनी काय होतंय? खरं कारण हे, की ती उताणं पडून एकट्याने छातीवर पेलायची होती.

एअर सस्पेन्शन सगळ्यात वर नेलं की गाडीखाली आरामात सरकता येतं. पण हवेवर उभ्या असलेल्या ओझ्याखाली झोपायची माझी हिंमत नाही. आपोआप उंची सांभाळणारी सोय स्क्रीनवरून बंद केली आणि गाडी जॅक स्टँडवर घेतली. जुनं कव्हर निघालं तशी मोआबची दोन मुठी लाल वाळू माझ्या तोंडावर. वर केशरी केबल दिसल्या. केशरी म्हणजे हाय व्होल्टेज, त्यामुळे ड्रिल घरातच ठेवलं होतं. कंपनीच्या भोकांतच बसेल तेवढंच करायचं.

पाच बोल्ट सुरळीत लागले. सहाव्याचं भोक दोन मिमी सरकलेलं. घाई केली, रॅचेट लावलं, बोल्ट तिरका गेला आणि आटे गेले. संध्याकाळी कोल्हापूरला बाबांना फोन केला. तिकडे रविवारची सकाळ. त्यांची उभी हयात उद्यमनगरात लेथवर गेली.

“पाना कधी लावलास?”

“लगेच.”

“पाना शेवटी रे. आधी बोटानं तीन आटे बसू देत. आता टॅप मारून आटे परत पाड, अर्धा फेरा पुढं, पाव मागं.”

पुढच्या शनिवारी ८ मिमीचा, १.२५ पिचचा टॅप आणून तसंच केलं. सरकलेलं भोक प्लेटमध्येच कानशीने लांबट केलं. या वेळी सगळे बोल्ट आधी बोटाने धरवले, मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना.

कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड मारतात. स्टेनलेस बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांत ते ओलं शिरलं की पत्रा खायला लागतं. म्हणून दोघांच्या मध्ये नायलॉन वॉशर आणि आटे जाम होऊ नयेत म्हणून ॲण्टी-सीझ पेस्ट. यात दिवस गेला. गाडी खाली घेतली, चक्कर मारली, कुठे खडखड नाही. खुशीत गॅरेज झाडायला घेतलं, तर केरसुणीखाली एक पांढरा नायलॉन वॉशर.