'तुकाराम'ची पट्टी अखेर जुळली

मंडळी, प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' या चित्रपटाचा गुंता सुटला. मागच्या वेळची रड आठवत असेल: संदर्भग्रंथांत चित्रपटाची लांबी १३१ मिनिटं, आमची डीव्हीडी १२६ मिनिटांच्या आतच आटोपते, आणि तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा आवाज ऐकताना काहीतरी खटकत राहतं. गेल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये तो आवाज पहिल्यांदा जागेवर बसलेला ऐकला. आमचे पेटीवाले काका पहिल्या अभंगालाच वळून म्हणाले, "हां, आता माणूस गातोय." यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला नको.

सगळं सविस्तर लिहितो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे प्रभातचे चित्रपट अशाच कुठल्यातरी जुन्या डिस्कवर असणार आणि तुम्हीही ते पुढच्या पिढीला आवर्जून दाखवत असणार. आपण नवख्या माणसाला "हा बघच" म्हणून सांगतो तेव्हा नुसतं नाव सांगून भागत नाही. कुठली प्रत बघायची, हेही सांगायला हवं. चुकीच्या प्रतीवर बघितलेला 'तुकाराम' लोकांना "जुना, जरा किरकिरा" वाटतो आणि दोष बिचाऱ्या चित्रपटाला लागतो.

तर पाच मिनिटं गेली कुठे? आमच्या चित्रपटप्रेमींच्या गटात दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीने कात्री चालवली. हे तपासणं सोपं होतं. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट अर्काइव्हच्या थिएटरात हा चित्रपट पाहिलेले दोघं आमच्यात आहेत. त्यांनी प्रसंगांची यादी केली, एकाकडे गाण्यांच्या पुस्तिकेची झेरॉक्स होती ती जोडीला घेतली आणि एकेक प्रसंग ताडून पाहिला. तुकोबांचा हेवा करणारा सालोमालो त्यांचा अभंग स्वतःच्या नावावर खपवतो तो प्रसंग पूर्ण, जिजाईचे प्रसंग पूर्ण, शेवटचं वैकुंठगमन पूर्ण. काहीच गळलेलं नाही. मग काका पेटी घेऊन बसले. अभंगाबरोबर सूर धरायला गेले, तर पट्टी ना काळी एकमध्ये बसेना ना पांढरी दोनमध्ये, मध्येच कुठेतरी लटकत होती.

इथे शंका आली ती वेगाची. तुम्हाला माहीत आहेच, बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो आणि आपल्याकडची जुनी पाल या टीव्ही-पद्धतीची डिस्क सेकंदाला २५. डिस्क बनवताना सोपा मार्ग एकच: चित्रपट २५ च्या वेगाने पळवायचा. म्हणजे चार टक्क्यांच्या जरा वर वेग वाढला. मिनिटाला २.४ सेकंद वाचतात, आणि १३१ मिनिटांचे होतात १२५ मिनिटं ४५ सेकंद. आमच्या डिस्कची लांबी नेमकी तिथेच येते. आवाजही त्याच प्रमाणात चढतो, जवळपास पाऊण पट्टी. काकांच्या पेटीत न बसणारा सूर तो हाच.

पण लांबी जुळते एवढ्यावर मी निर्धास्त झालो नाही, आणि पेटीचा पुरावाही अखेरचा धरला नाही. १९३६ साली पुण्याच्या स्टुडिओतली पेटी आजच्या ४४० हर्ट्झ या प्रमाण सुराच्या हिशोबाने जुळवलेली होती असं धरून चालायला आधार काय? ध्वनिमुद्रिकेशी ताडावं, तर मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी कुठल्या वेगाने फिरवून उतरवली यावरही सूर हलतो. म्हणून खरी परीक्षा चौकटींची. संगणकावर चित्रपट लावायच्या व्हीएलसी या प्रणालीत ई हे बटण दाबलं की चित्र एकेक चौकट पुढे सरकतं. हात सतत हलताहेत असा प्रसंग निवडा. मी टाळ वाजवणाऱ्यांचा घेतला. सेकंदभराच्या पंचवीस चौकटी एकेक करून बघा. एखादी चौकट जशीच्या तशी दोनदा आली, किंवा दोन चौकटी एकमेकींत मिसळून पुसट झाल्या असतील, तर २४ च्या २५ करायला चौकट वाढवली आहे, वेग बरोबर आहे. पंचवीसच्या पंचवीस चौकटी वेगळ्या असतील तर चित्रपट पळवलाय. आमच्या प्रतीत टाळ प्रत्येक चौकटीला पुढे सरकत होता. झालं, निकाल लागला.

आता उपाय. इथे खरा छळ सुरू झाला. व्हीएलसीत वेग ०.९६ केला. चित्र छान सावकाश झालं, लांबी १३१ मिनिटांवर आली, पण आवाज तसाच चढा. वर टाळांचा नाद फाटायला लागला, प्रत्येक ठोक्यामागे एक खरखरीत शेपूट. लॅपटॉप बदलला, केबल बदलली. (केबलसाठी अजूनही पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक बाजाराची तपकीर गल्लीच. तिथल्या दुकानदारापुढे नुसतं टोक धरलं तरी हवी ती वस्तू पुढ्यात येते, ऑनलाइन मागवलेल्या लांब एचडीएमआय केबलींचा अनुभव मात्र वाईट.) मग आवाज वेगळा काढून ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत घातला. तिथे तीन आज्ञा शेजारी शेजारी आहेत आणि तिन्ही वेगळ्या. चेंज टेम्पो लय बदलते, पट्टी तीच ठेवते. चेंज पिच पट्टी बदलते, लय तीच ठेवते. चेंज स्पीड दोन्ही एकत्र बदलते, आणि आपल्याला हवी ती हीच. नव्या आवृत्तीत तिचं नाव चेंज स्पीड अँड पिच. तिथे उणे चार टक्के टाकले आणि कानाला लगेच पटलं. म्हणजे डिस्कमध्ये आवाज शाबूत होता, बिघाड वाजवण्यात होता.

मग कोडं उलगडलं. व्हीएलसी वेग कमी करताना आवाजाची पट्टी मुद्दाम जागेवर ठेवतो. व्याख्यान दुप्पट वेगाने ऐकणाऱ्यांना ही सोय बरी, नाहीतर वक्ता चिवचिवाट करेल. आपल्याला मात्र पट्टी उतरायलाच हवी असते. प्रेफरन्सेसमध्ये खाली सगळ्या सेटिंग्ज दाखवायला सांगा, ऑडिओ या सदरात जा आणि टाइम स्ट्रेचिंगची खूण काढून टाका. मग व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा. तेवढंच. वेग ०.९६ केला की चित्र आणि आवाज दोन्ही एकत्र खाली येतात, टाळ स्वच्छ वाजतात.

दर वेळी हे करत बसण्यापेक्षा कायमची फाइल करून ठेवणं उत्तम. एफएफएमपेग या फाइल रूपांतराच्या प्रणालीने चित्र सेकंदाला २४ चौकटींवर आणलं आणि आवाजाचे ४८,००० नमुने ४६,०८० च्या दराने वाचायला लावले (४८,००० गुणिले ०.९६). मूळ फाइल शेजारी तशीच ठेवा, नव्या फाइलच्या नावात २४ लिहा.

फरक कुठे कळतो ते सांगतो. पागनीस मुळात रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले, गळा गोड आणि हलका. तो पाऊण पट्टी वर चढला की पातळ होतो, बोलण्यात एक घाई येते, आणि तुकोबा कुणाशी बोलताना उगाच लगबगीत वाटतात. खरा वेग मिळाल्यावर प्रत्येक ओळीनंतर ते श्वास घेतात तो ऐकू येतो, पुढचा शब्द यायच्या आधीची विश्रांती जाणवते. 'आधी बीज एकले' मी असंख्य वेळा ऐकलंय. हे पद शांताराम आठवल्यांचं असूनही कित्येकांना ते तुकोबांचाच अभंग वाटतं. रविवारी पहिल्यांदा कळलं की संगीतकार केशवराव भोळ्यांनी चाल किती संथ, किती जमिनीवर बसलेली ठेवली आहे. सालोमालोचं भपकेबाज गाणं त्याच्या समोर ठेवलं की दोन माणसांमधला फरक नुसत्या लयीतून उभा राहतो. आणि दिग्दर्शक दामले-फत्तेलाल या जोडीतले विष्णुपंत दामले प्रभातच्या ध्वनिमुद्रणाचे जाणकार होते. त्यांच्याच चित्रपटाचा सूर आपण वर्षानुवर्षं चढा ऐकत होतो, हे मला फार लागलं.

दोन छोटी कामंही झाली. आमच्या इमारतीतल्या बिगरमराठी शेजाऱ्यांसाठी केलेले सबटायटल २५ च्या हिशोबाने होते. नव्या फाइलवर ते आधी सेकंदाने, शेवटी पाच मिनिटांनी पुढे पळत होते. सबटायटल एडिट या प्रणालीत चौकटींचा वेग २५ वरून २४ केला आणि सगळे एका झटक्यात जागेवर आले. ओळ न ओळ हाताने सरकवत बसू नका. दुसरं म्हणजे पडद्याच्या कडा. जुनं चित्र जवळपास चौकोनी, आपला पडदा रुंद. दोन्ही बाजूंना जो करडा उजेड राहतो त्याने काळा रंग फिका पडतो. रविवार पेठेत कापडगंजात काळी मखमल घेतली, बाजूने दोन पट्टे शिवून वेलक्रोने लावले. मखमल उजेड गिळते, साधं काळं कापड चमकतं, तेव्हा तिथे पैसे वाचवू नका. आता चित्राची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. आणि कृपा करून चित्र ताणून पडदा भरू नका, माणसं बुटकी होतात.

पुढचा कार्यक्रम 'माणूस'चा ठरला होता. १९३९ चा, शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. नवख्यांना शिफारस करायला माझ्या मते प्रभातच्या यादीतला सगळ्यात सोपा दरवाजा हाच: एक पोलीस शिपाई, एक बदनाम वस्तीतली बाई, आणि आजही टोचणारा शेवट. पण हे लिहिता लिहिता विचार बदलला. आधी 'कुंकू' लावायचा. १९३७ चा, व्ही. शांतारामांचा, शांता आपट्यांची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब. त्यात पार्श्वसंगीतच नाही. कानावर येतं ते सगळं प्रसंगातलं, घड्याळ, फोनोग्राफ, रस्त्यावरचा गाणारा. अशा चित्रपटात वेगाची गडबड लपायला जागा उरत नाही. आपल्या मंडळींचे कान आत्ता ताजे आहेत, तर 'कुंकू' आत्ताच ऐकवायला हवा. 'माणूस' त्यानंतरच्या महिन्यात, आणि त्याच्या मागे 'शेजारी', म्हणजे केशवराव दाते काकासाहेबांनंतर पाटील म्हणून दिसतील आणि गजानन जागीरदारांचा मिर्झा त्यांच्यासमोर. एकाच नटाला इतक्या जवळजवळ दोन रूपांत बघणं ही वेगळी मजा आहे. पन्नाशीतला 'लाखाची गोष्ट' आणि साठच्या सुमाराचे 'सांगत्ये ऐका', 'जगाच्या पाठीवर' हे पावसाळ्यापर्यंत ढकलतो. त्यांच्या प्रती आधी चौकटी मोजून तपासायच्या आहेत.

एक सूचना मात्र: हा ०.९६ चा मंत्र सरसकट लावू नका. अमेरिकी एनटीएससी पद्धतीच्या डिस्कवर वेग सहसा जवळजवळ बरोबर असतो. तिथला आजार वेगळा, हलत्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. त्याला डीइंटरलेस (त्या रेघा मिटवायची सोय) लागतं, वेग बदलाल तर चांगला सूर बिघडवाल. आधी चौकटी बघा, मगच हात लावा.

आणि आता जे डोक्यात शिरलंय ते आधीच सांगून टाकतो. मूकपटांना तर ठरलेला वेग असा नव्हताच, कॅमेरा हाताने फिरवायचे. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन', बाळकृष्णाच्या भूमिकेत त्यांची कन्या मंदाकिनी, तो आपण सरसकट २४ च्या वेगाने बघतो आणि पोर उड्या मारत सुटल्यासारखं दिसतं. तिथे हिशोबाला लांबी नाही की आवाज नाही. माणूस चालताना त्याच्या पावलांना वजन वाटतं का, पाणी पाण्यासारखं हलतं का, एवढ्यावरच वेग ठरवावा लागेल. सेकंदाला सोळा चौकटींपासून सुरुवात करून एकेक चौकट वर चढत बघणार आहे. काकांना पेटीसाठी विचारलंय, ते लगेच तयार झाले. पखवाजाला कोणी हवंय. पुण्यात आपल्यातलं कोणी वाजवत असेल किंवा ओळखीत असेल तर कळवा, मोबदला गटातून देऊ. वेग आधी ठरवून मग साथ बसवायची की वाजवणाऱ्याची लय ऐकून वेग ठरवायचा, यावर माझा आणि काकांचा वाद चालू आहे. मला वाटतं वेग आधी. काका म्हणतात, हात बसला की चित्र आपोआप सांगेल.

'कुंकू'ची कोणाकडे दुसरी प्रत असेल तर तिची लांबी आणि सेकंदाच्या चौकटींचा निकाल पाठवा. आमची मोजून झाली की मीही लिहितो.