एक त्रिकोण हटेना

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटंसं सीएई ऑफिस आहे, म्हणजे पार्ट किती ताण सोसेल ते आम्ही कॉम्प्युटरवर तपासतो. दिवसाचा निम्मा वेळ मेशिंगमध्येच जातो, म्हणजे पार्टचे छोटे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडण्यात. त्या दिवशी २ मिमी पत्र्याचा एक ब्रॅकेट आला होता. मिडसरफेस (पत्र्याच्या जाडीच्या मधोमधचा पृष्ठभाग) काढून ऑटोमेश दाबलं आणि चहा येईपर्यंत चौकोनांची जाळी तयार. फक्त वेल्डलगतच्या फ्लँजमध्ये, म्हणजे दुमडलेल्या पट्टीत, एक त्रिकोण राहिला. आणि क्लायंटच्या चेकलिस्टमध्ये ठळक अक्षरांत होतं, या पट्टीत त्रिकोण चालणार नाही.

नियम उगाच नाही. तीन नोडच्या (नोड म्हणजे जाळीतला कोपऱ्याचा बिंदू) साध्या त्रिकोणात स्ट्रेन, म्हणजे ताणामुळे होणारा आकारबदल, सगळीकडे सारखाच धरला जातो. त्यामुळे तो गरजेपेक्षा ताठ वागतो, आणि जिथे स्ट्रेस झपाट्याने बदलतो नेमका तिथेच आकडा कमी दाखवतो. (लांब कुठे सपाट भागात एखादा असला तर माझ्या मते काही बिघडत नाही. पण चेकलिस्टशी वाद घालून बिल निघत नाही.)

ऑफिसात नुकतीच लागलेली एक मुलगी त्या त्रिकोणामागे हात धुऊन लागली होती. नोड सरकव, आतलं पुसून पुन्हा मेश कर. "सर, इथून काढला की तिथे उगवतो!"

"कडेचे नोड मोज बरं," मी म्हटलं.

बाहेरची कड ६१, दोन भोकं १२-१२, मधला स्लॉट १६. एकूण १०१, म्हणजे विषम. तिथेच ग्यानबाची मेख होती.

हिशेब शाळेतला आहे. चौकोनाला बाजू चार, म्हणजे सगळ्यांची बेरीज समच. आतली प्रत्येक बाजू दोघांत मोजली जाते, तीही सम. मग कडेच्या बाजूही सम असायलाच हव्यात, आणि बंद कडेवर जितके नोड तितक्याच बाजू. त्या विषम असतील तर सॉफ्टवेअर कितीही भारी असो, निदान एक त्रिकोण येणारच. ब्लॅकर आणि स्टीफनसन यांनी १९९१ मध्ये मांडलेली पेव्हिंगची पद्धत कडेपासून आत एकेक रांग रचत जाते, पण कडेचा आकडा सम लागतो तो तिलाही.

"मग सगळेच एलिमेंट चिरले तर? एका त्रिकोणाचे तीन चौकोन होतात."

डोकं चालतं पोरीचं! पण मग कडेचे नोडही दुप्पट झाले असते, आणि वेल्डच्या बाजूचे नोड समोरच्या पार्टशी जुळवलेले होते. त्यांना हात लावायची सोय नाही. शेजारच्या पॅचशी सामाईक कडेवर एक वाढवावा, तर तिकडचा सम आकडा विषम होतो. राहिली खालची मोकळी कड. तिथे १७ चे १८ केले आणि त्रिकोण गेला. कोपऱ्यातल्या एका चौकोनाचा जेकोबियन (आकार किती वेडावाकडा आहे ते सांगणारा आकडा) तेवढा घसरला, तो नोड हाताने ओढून जागेवर आणला.

संध्याकाळी क्लायंटचं उत्तर आलं: त्रिकोण शून्य, ठीक, पण एका भोकाभोवती वॉशरचं, म्हणजे चौकोनांच्या गोल रांगेचं, एकच कडं आहे, दोन हवीत.

"आतलं कडं १२ तर बाहेरचंही १२च," ती स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली, "बेरीज नाही बिघडत सर, टाकते मी."