सफा ते मरवा

इहराम म्हणजे न शिवलेली दोन पांढरी वस्त्रं. एक कमरेला गुंडाळायचं, दुसरं खांद्यावर घ्यायचं. ते नेसून हजची नियत, म्हणजे मनोमन संकल्प, केली की अत्तर नाही, नखं कापणं नाही, शिकार नाही आणि कुणाशी भांडण नाही. शेवटचं सगळ्यांत अवघड, हे गर्दीत पहिल्याच तासाला कळलं. बायकांना कपडे नेहमीचेच चालतात, फक्त चेहऱ्यावर नकाब घ्यायचा नाही.

मी अम्मीला घेऊन गेलो होतो. हज आयुष्यात एकदाच फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे, तोही ज्याची ऐपत आहे त्याच्यावर. निघण्याआधी अम्मीने सगळ्यांची देणी चुकती केली आणि ज्यांच्याशी अबोला होता त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली. मला वाटतं, तिचा हज तिथेच सुरू झाला.

कलमा, नमाज, रोजा, जकात, हज हे इस्लामचे पाच अरकान, म्हणजे खांब, मी लहानपणी बोटांवर मोजून पाठ केले होते. मक्केतली ती चौकोनी वास्तू, काबा, समोर आली तेव्हा त्यातलं एकही आठवलं नाही, नुसतं रडू आलं. जन्मभर नमाजेत सरळ रांगेत उभा राहिलो. तिथे रांगा वळतात आणि काब्याभोवती त्यांचं वर्तुळ होतं. पुष्कळांना वाटतं, आम्ही काब्याची पूजा करतो. तसं नाही. काबा ही दिशा आहे. सुरुवातीला तर मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. मदिनेत, 624 साली, किब्ला, म्हणजे नमाजेची दिशा, बदलला. दुसरे खलिफा हजरत उमर काब्यात बसवलेल्या काळ्या दगडाला म्हणाले होते की, तू दगड आहेस, तुझ्याने कुणाचं भलं होत नाही की बुरं. पैगंबरांना तुझं चुंबन घेताना पाहिलं, म्हणून मी घेतो. तौहीद, म्हणजे अल्लाह एकच आणि त्याच्या जोडीला कुणी नाही, हे मला यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

तवाफचे, म्हणजे काब्याभोवतीचे, सात फेरे झाले की सई, म्हणजे सफा ते मरवा अशा सात खेपा. इब्राहिम अलैहिस्सलाम यांनी पत्नी हाजरा आणि तान्ह्या इस्माईलला या निर्जळ खोऱ्यात सोडलं, तेव्हा हाजराने एवढंच विचारलं, ही अल्लाहची आज्ञा आहे का? होय म्हटल्यावर ती म्हणाली, मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. इतका भरवसा! तरीही मशकीतलं पाणी संपल्यावर ती बसून राहिली नाही. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा गेली. पाणी निघालं ते बाळाजवळ, जमजमच्या झऱ्याचं. ती धावली तिथे नाही. या गोष्टीपाशी मी दरवेळी थांबतो. तवक्कुल, अल्लाहवरचा भरवसा, म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे, हे हाजराने शिकवलं.

आज तिथे संगमरवरी फरशी आहे, थंडगार हवा आहे. एक खेप साधारण 450 मीटरची, सात मिळून तीन किलोमीटरच्या वर. मध्ये हिरवे दिवे लागतात. पूर्वी तिथे खोऱ्याचा तळ होता आणि हाजरा तेवढ्या भागात धावली होती. तिथे पुरुषांनी धावायचं, बायकांनी चालायचं. एका आईच्या आठवणीत लाखो पुरुष धावतात. मी अम्मीला विचारलं, धावली बाई, मग बायकांना धावणं का नाही?

"आमच्या वाटचं ती धावली, बेटा."

पुढे मिनाचा मुक्काम, आणि जिलहिज्ज या हजच्या महिन्याच्या 9 तारखेला अरफातचं मैदान. तिथे दुपारपासून सूर्यास्तापर्यंत फक्त थांबायचं आणि मागायचं. हे चुकलं तर हजच झाला नाही. 632 साली याच मैदानात पैगंबरांनी सांगितलं की, एकमेकांचं रक्त आणि मालमत्ता तुम्हाला हराम आहे. व्याज रद्द केलं, आणि पहिलं रद्द केलं ते आपल्याच चुलत्याचं, अब्बास यांचं. अम्मीची फेडलेली देणी मला तिथे आठवली.

रात्री मुजदलिफा या मुक्कामी उघड्यावर मगरिब आणि इशा, संध्याकाळची आणि रात्रीची नमाज, एकत्र पढलो, आणि खडे वेचायला बसलो. सैतानाची खूण असलेल्या खांबांना मारायला 49 लागतात. मी हाताला येतील ते उचलत होतो. अम्मी मोबाईलच्या उजेडात माझी थैली उपसून मोठे खडे बाजूला टाकत होती. "हरभऱ्याएवढा हवा. पुढच्या माणसाला लागला तर?"

खडे मारून झाले, कुर्बानी झाली, डोकं भादरलं, आणि आम्ही पुन्हा मक्केत आलो. तवाफ झाला, दुसरी सई सुरू केली. तोवर अम्मीच्या टाचा फुटल्या होत्या. चौथी खेप तिने माझ्या दंडाला धरून कशीबशी पुरी केली. पाचवीला मी चाकांची खुर्ची आणली. ती बसेना, आजाऱ्याला मुभा आहे म्हणून विनवलं, तेव्हा कुठे बसली.

हिरवे दिवे आले. पुढची माणसं धावायला लागली, मी मात्र पाऊल आखडलं. अम्मीने खुर्चीचे दांडे घट्ट धरले आणि मान वळवली.

"थांबलास का? चल की, धाव."


मी धावलो.