रामटेकच्या वाटेवरचं मनसर आणि काळ्या दगडांचे गट

नागपूरहून रामटेकला निघालेली मंडळी मनसरला थांबली तर चहापुरती. कामठी मागे पडते, कन्हानचा पूल येतो, मनसरच्या फाट्यावर गाडी उजवीकडे वळते आणि सगळ्यांचे डोळे गडाकडे लागतात. मला मात्र खनिजांचे गट समजून घ्यायला विदर्भात मनसरइतकी चांगली जागा दुसरी वाटत नाही. हिवाळ्यातच जावं, मार्चनंतर काळा दगड हातात धरवत नाही.

मनसरच्या मँगनीजच्या खाणीत परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि शिरूही नये. कुंपणाबाहेर जे पडलेलं दिसतं तेवढं शिकायला पुरतं. सोबत न्यायचं सामान थोडं आहे: दहापट मोठं दाखवणारं भिंग, पोलादी चाकू, हातोडी, पांढरा कागद आणि फरशीच्या टाइलचा तुकडा. टाइलची चकचकीत बाजू उपयोगाची नाही, मागची खरखरीत बाजू हवी. तिच्यावर खनिज घासलं की त्याच्या भुकटीचा रंग कळतो. त्याला कस म्हणतात, आणि दगडाच्या वरच्या रंगापेक्षा कसावर विश्वास ठेवावा.

आता कुंपणाबाहेर पडलेले हे काळे तुकडे. एक हाताळताच बोटं काजळतात, कागदावर रेघ उमटते: तो पायरोलुसाइट. दुसऱ्याचा पृष्ठभाग द्राक्षांच्या घोसासारखा फुगीर, चाकूला दाद देईल न देईल असा. त्याला खाणीवर सिलोमेलेन म्हणतात, पण आता ते एका खनिजाचं नाव राहिलेलं नाही, कठीण काळ्या मँगनीज ऑक्साइडांसाठी वापरायचं कामचलाऊ नाव आहे. तिसरा करडा-काळा, अर्धवट धातूसारखा चमकणारा, हातात घेतला की आकाराच्या मानाने चांगलाच जड, चाकूने ओरखडा न उमटणारा. हा ब्रॉनाइट. मोहस मापावर कठिनता ६ ते ६.५, विशिष्ट गुरुत्व ४.७ च्या वर, कस तपकिरी झाक असलेला काळा.

गडबड होते ती इथेच. ब्रॉनाइटवर पायरोलुसाइटची मऊ साय चढलेली असते. तीच टाइलवर घासली तर कस सायीचा येतो आणि ओळख चुकते. म्हणून आधी हातोडीने फोडून आतली ताजी बाजू काढायची. शिवाय ब्रॉनाइटची कठिनता टाइलच्या कठिनतेजवळ जाते, त्यामुळे रेघ फिकी पडते. जोर लावला तर टाइलचीच पांढरी पूड निघते. अशा वेळी लहानसा कण कुटायचा आणि ती भुकटी कागदावर चोळायची.

हे तिन्ही मँगनीजचे, तिन्ही काळे. मग गट एकच का नाही? कारण खनिजांचा वर्ग धातूवरून ठरत नाही, धातूशी जोडलेल्या ऋण आयनावरून, म्हणजे ऋण विद्युतभार असलेल्या भागावरून ठरतो. ऑक्सिजन असेल तर ऑक्साइड, गंधक असेल तर सल्फाइड, कार्बोनेट, सल्फेट, फॉस्फेट, सिलिकेट वगैरे. एकाच धातूची खनिजं एकमेकांसारखी क्वचित वागतात. एकाच ऋण आयनाची पुष्कळदा वागतात. वर्गाच्या आत रचनेवरून उपवर्ग, मग कुल, महागट, गट आणि शेवटी खनिज. गट म्हणजे एकाच ठेवणीची आणि रासायनिकदृष्ट्या सारख्या मूलद्रव्यांची दोन किंवा अधिक खनिजं.

या चौकटीत ब्रॉनाइट अडकतो, आणि मला मनसरचं सगळ्यात जास्त अप्रूप त्याचंच आहे. त्यात सात मँगनीजमागे एक सिलिकॉन आणि बारा ऑक्सिजन. सिलिका वजनाने जेमतेम १० टक्के. खनिजांच्या वर्गीकरणाच्या दोन पद्धती आहेत, डेनाची आणि स्ट्रुन्झची. डेनाच्या पद्धतीत तो ऑक्साइडांत बसतो. स्ट्रुन्झच्या पद्धतीत मात्र सुटे सिलिका-चतुष्फलक (एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन) असलेल्या सिलिकेटांत, म्हणजे गार्नेटच्या उपवर्गात. क्वॉर्ट्झचं नेमकं उलट: स्ट्रुन्झ त्याला ऑक्साइड मानतो, डेना सिलिकेट. दोघांनाही आपापली कारणं आहेत. म्हणून नमुन्याच्या पाटीवर वर्ग लिहिताना पद्धतीचं नावही लिहायला हवं.

ते होत नाही याची मला चीड येते. नागपुरातल्या एका मांडणीत पाच-सहा काळे तुकडे एका ताटात आणि वर चिठ्ठी: 'मँगनीज'. मँगनीज हे मूलद्रव्य आहे, खनिज नव्हे. धातुक, म्हणजे धातू काढायचा कच्चा दगड म्हणून एकत्र मोजणं वेगळं. खाणकामाच्या हिशोबाला ते लागतंच. पण शाळेतली मुलं तीच चिठ्ठी वहीत उतरवून घेतात.

काळ्या दगडाच्या शेजारी तपकिरी-नारिंगी दाण्यांचा खडकही शोधावा: स्पेसार्टिन गार्नेट आणि क्वॉर्ट्झ. हा गोंडाइट, गोंड लोकांवरून हे नाव भूवैज्ञानिक फर्मर यांनी दिलं, भारतातल्या मँगनीजवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०९ चा. गुलाबी डाग दिसला तर चाकू काढा. ऱ्होडोनाइट सहसा ओरखडत नाही, तो साखळी-सिलिकेट. ऱ्होडोक्रोसाइट सहज ओरखडतो, तो कार्बोनेट. इथे आम्लाची बाटली मात्र बाहेर काढू नका. पायरोलुसाइटवर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गाडीत तो जिवावर बेततो.

रामटेकच्या गडावर गर्दी आणि हातातलं हिसकावणारी माकडं. तरी अभ्रकाचे चमचमते पापुद्रे बघायला थांबावं. नखाने सुटतो तो पापुद्रा म्हणजे पत्री सिलिकेटांची ओळख: थरांत बंध पक्के, थरांमध्ये कच्चे. खिंडसी तलाव सुंदर आहे, एवढंच.

परतताना नागपूरजवळच्या टाकळीची आठवण ठेवावी. तिथे सापडलेल्या गर्द हिरव्या खनिजाला मिशनरी आणि भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून १८५९ मध्ये हिस्लोपाइट नाव मिळालं. ते स्वतंत्र खनिज ठरलं नाही. आतल्या हिरव्या ग्लॉकोनाइटने रंगलेला तो कॅल्साइट आहे. विरल आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. म्हणजे टाकळीचं हिरवं आणि मँगनीजवाला गुलाबी ऱ्होडोक्रोसाइट दोघांचा गट एकच, कॅल्साइटचा. आणि त्या ऱ्होडोक्रोसाइटच्या शेजारी बसलेला तितकाच गुलाबी ऱ्होडोनाइट पूर्ण दुसऱ्या वर्गात.