कॅसेट बिघडलेली नव्हती

परवा दुपारी घरात कुणी नसताना फ्रिजचा बारीक, सलग, किंचित बेसूर आवाज कानात भरला आणि हातातले पुस्तक बाजूला ठेवून मी स्कॉट वॉकर या गायकाचा 'स्कॉट ३' हा १९६९ सालचा अल्बम लावला. या दोन गोष्टींचा संबंध माझ्याखेरीज कुणाला लागण्याजोगा नाही.

लहानपणी हा अल्बम माझ्याकडे आला तो कुणीतरी भरून दिलेल्या कॅसेटवर. पहिलेच गाणे पावसाचे. ते सुरू होते तेव्हा व्हायोलिनांचा ताफा अगदी वरच्या पट्टीतले, एकमेकांना खेटलेले स्वर धरून ठेवतो, आणि स्कॉटचा तो खोल, भरदार आवाज लागला तरी ते स्वर जागचे हलत नाहीत. टेप खराब झाली, असे मला वाटले. मग मी कापसाला स्पिरिट लावून टेपरेकॉर्डरचे हेड पुसले, पेन्सिल घालून सैल पडलेली फीत घट्ट केली, कॅसेट पुढेमागे पळवली. मधल्या भागात तीच व्हायोलिने एकाएकी गोड होत, तेव्हा आपली दुरुस्ती फळाला आली असे वाटे. पुढच्या कडव्याला पुन्हा तीच कुरकुर.

ते स्वर मुद्दाम लिहिलेले होते, हे कळायला पुष्कळ वर्षे गेली. ती वाद्यरचना वॉली स्टॉट यांची, म्हणजे पुढे अँजेला मॉर्ली या नावाने ओळखल्या गेलेल्या संगीतकाराची. तो कागद पुढ्यात आल्यावर एखाद्या वादकाने तरी नक्कल उतरवणाऱ्याची चूक समजून भुवई उंचावली असेल, असे मला उगीचच वाटते. बरोक पॉपमधली, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने सजवलेल्या पॉप गाण्यांतली, व्हायोलिने बहुधा गायकाच्या मागे धावतात. तो गहिवरला की त्याच्या आधी रडून मोकळी होतात. इथे मात्र ती आपल्या जागी कण्हत राहतात आणि गायक ते ऐकूच येत नसल्यासारखा, शांतपणे, पावसात हरवलेल्या कुणाची तरी आठवण काढत राहतो.

अल्बममधल्या तेरा गाण्यांपैकी शेवटची तीन जाक ब्रेल या फ्रेंचमध्ये गाणी लिहिणाऱ्या बेल्जियन गायकाची, इंग्रजीत आणलेली. त्या वयात मला तीच अधिक आवडत, कारण त्यांत नाट्य उघड होते आणि दार लावून लाकडी पट्टीने अख्खा वाद्यवृंद चालवण्याची सोय होती. आता ती थोडी अंगावर येतात. तरी परवा शेवटाकडे माझा हात आपोआप वर गेलाच, आणि घरात कुणी नाही याचे बरे वाटले.

अल्बम संपल्यावरही तो बारीक स्वर चालूच होता. खात्री करण्यासाठी मी स्वयंपाकघरापर्यंत गेलो, फ्रिज उघडला, पाण्याची बाटली घेतली आणि परत आलो. दुरुस्तीला अजून कुणाला बोलावलेले नाही.