१/१६ प्रमाणातील टायगर रणगाडा बांधताना

बरीच वर्षे मी १/३५ प्रमाणातील, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या लांबीच्या, रणगाड्यांच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती बांधत आलो आहे. या प्रमाणात हवे ते वाहन सहज मिळते, काम काही आठवड्यांत उरकते आणि तयार झालेला रणगाडा कपाटात पुस्तकांच्या पुढे मावतो. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा टायगर १/१६ प्रमाणात बांधायचे ठरवले तेव्हा, सवयीचेच काम जरा मोठ्या आकारात करायचे आहे, एवढाच माझा समज होता. प्रत्यक्षात लांबी दुपटीहून थोडीच अधिक होत असली तरी पृष्ठभाग जवळजवळ पाचपट होतो आणि आकारमान दहापटीहून अधिक. रंग, पॉलिश पेपर आणि घरातली जागा यांचा हिशोब या मोठ्या आकड्यांनीच करावा लागतो, हे मला सुट्या भागांचे किट घरी येईपर्यंत उमगले नव्हते.

तोफेसह खऱ्या टायगरची लांबी सुमारे ८.४५ मीटर होती, म्हणजे प्रतिकृती जवळजवळ ५३ सेंटिमीटरची होते. किट मागवण्यापूर्वी मी त्या मापाचा पुठ्ठा कापून आठवडाभर टेबलावर ठेवून पाहिला. टेबलावर तो रणगाडा मावत होता. पण तो आणि त्याचे सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या फ्रेमा एकाच वेळी मावणार नाहीत, ही गोष्ट मात्र त्या पुठ्ठ्याने सांगितली नाही.

या प्रमाणात दोन जातींची किटे मिळतात. एक रिमोटवर चालणारी, जिच्यात मोटार आणि गिअरबॉक्स बसवण्यासाठी काही तपशील सोपे केलेले असतात; आणि दुसरी केवळ मांडून ठेवण्यासाठी असलेली, जिच्यात कधी कधी आतला सगळा भागही दिलेला असतो. मी आतल्या भागाशिवायची दुसरी जात निवडली. इंजिन आणि दारूगोळ्याचे कप्पे महिनाभर रंगवायचे आणि मग वरचे छत बसवून ते कायमचे झाकून टाकायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

त्याहून महत्त्वाचा निर्णय काळाचा होता. टायगरचे उत्पादन ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ असे दोनच वर्षे चालले, पण त्या अवधीत त्यात इतके बदल होत गेले की कोणत्या महिन्यातला रणगाडा बांधायचा हे आधी ठरवल्याशिवाय एकही भाग चिकटवता येत नाही. मी १९४३ च्या वसंत ऋतूतला रणगाडा ठरवला. त्यावर कमांडरचा उंच, डब्यासारखा घुमट आहे, मागच्या बाजूला धुळीसाठीचे फायफेल एअर फिल्टर आहेत आणि चाकांना रबरी धावा आहेत. खरे सांगायचे तर त्यामागे आणखी एक कारण होते. त्या वर्षाच्या उत्तरार्धात चुंबकीय सुरुंग चिकटू नयेत म्हणून रणगाड्यांवर त्सिमेरिट नावाचा खरबरीत लेप देऊ लागले, आणि एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर तो पुट्टीने ओळीओळीने उठवण्याची माझी तयारी नव्हती.

पार्सल आले तेव्हा खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. मी वरवर पाहिले, सगळे ठीक वाटले आणि खोके बाजूला ठेवून दिले. दहा दिवसांनी भागांच्या आकृतीशी ताडून पाहिल्यावर एक फ्रेम मुळातच नसल्याचे लक्षात आले. विक्रेत्याने खोके उघडतानाचे चित्रण मागितले, जे माझ्याकडे अर्थातच नव्हते. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर ती फ्रेम पाच आठवड्यांनी मिळाली. आता मी नवे खोके उघडताना फोन समोर टेकवून ठेवतो आणि फ्रेमा त्याच दिवशी मोजतो.

खरी फजिती झाली ती चाकांच्या दांड्यांपाशी. टायगरच्या प्रत्येक बाजूला आठ दांड्या आहेत आणि प्रत्येक दांडी रणगाड्याच्या तळातून आडव्या जाणाऱ्या पोलादी टॉर्शन बारला, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याला, जोडलेली असते. किटच्या सूचनापत्रात एका बाजूच्या दांड्या पुढे झुकलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या मागे झुकलेल्या दाखवल्या होत्या. ही छपाईची चूक आहे असे मी ठामपणे ठरवले. दांड्या चुकीच्या दिशेने बसू नयेत म्हणून त्यांच्या बुडाशी एक लहानशी खाच-खुंटीची रचना होती. त्या खुंट्या मी धारदार पात्याने तासून काढल्या आणि दोन्ही बाजूंच्या दांड्या मोठ्या समाधानाने एकाच दिशेला चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी चाके नुसती लावून पाहिली, तेव्हा एका बाजूचे पहिले चाक पुढच्या दातेरी चाकात घुसत होते. मग खऱ्या वाहनाची छायाचित्रे आणि आराखडे काढून बसलो. तळात सोळा बार शेजारी शेजारी बसवायचे असल्यामुळे जागा वाचवण्यासाठी टायगरच्या रचनाकारांनी खरोखरच एका बाजूच्या दांड्या पुढे आणि दुसऱ्या बाजूच्या मागे वळवलेल्या होत्या. सूचनापत्र बरोबर होते आणि मी शहाणपणा केला होता. प्लास्टिकचा सिमेंट गोंद दोन पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो, त्यामुळे सांधा उकलण्याचा प्रश्नच नव्हता. आठही दांड्या बारीक करवतीने कापल्या, बुडाशी छिद्रे पाडून पितळी तारेच्या खुंट्या बसवल्या, आणि सगळ्या दांड्या एका उंचीवर याव्यात म्हणून खाली पोलादी पट्टी टेकवून त्या सुपरग्लूने पक्क्या केल्या. १/३५ मध्ये एखादे चाक जमिनीपासून किंचित उचललेले राहिले तर पट्ट्याखाली ते लपून जाते. इथे मात्र केसाएवढी फटसुद्धा समोरून दिसते.

चाके बसवणे हा त्याच प्रकरणाचा पुढचा भाग होता. प्रत्येक दांडीवर तीन, म्हणजे एका बाजूला चोवीस चाके एकमेकांत गुंतलेली असतात. आतली चाके रंगवून आधी बसवली नाहीत तर नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही. आतले एक चाक मी तसेच विसरलो आणि त्यासाठी बाहेरची पाच चाके काढावी लागली. खऱ्या टायगरच्या चालकदलाची तक्रारही नेमकी हीच होती, फरक इतकाच की त्यांची चाके एका हाताने उचलण्यासारखी नव्हती.

पट्ट्यांबद्दल फार लिहीत नाही. एका पट्ट्याला ९६ कड्या, दोन्ही मिळून १९२, आणि माझ्या किटमध्ये प्रत्येक कडीवर घासून काढायच्या चार गाठी. हे काम एका बैठकीत करू नये.

रंगाच्या बाबतीत मोठ्या प्रमाणाने मला सर्वांत अधिक शिकवले. एअरब्रशच्या, म्हणजे रंग फवारण्याच्या छोट्या साधनाच्या, ०.२ मिलिमीटरच्या नोझलने एवढा पृष्ठभाग रंगवायला गेलो, तर एका टोकाला पोहोचेपर्यंत दुसरे टोक वाळून खरखरीत झाले. ०.५ चे नोझल घेतल्यावरच सपाट थर मिळाला. लॅकर रंगाचा वासही त्याच हिशोबाने वाढतो, म्हणून उघडी खिडकी पुरेशी न मानता मी फिल्टरचा मुखवटा वापरला. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन वाहनांचा मूळ रंग गडद पिवळा झाला होता आणि त्यावर द्यायचे तांबूस तपकिरी व हिरवट रंग पेस्टच्या स्वरूपात थेट सैन्याच्या तुकड्यांकडे जात. चालकदल ते पातळ करून मिळेल त्या साधनाने फवारत असे, त्यामुळे रंगाच्या पट्ट्यांच्या कडा कुठे दाट, कुठे विरळ असणेच खरे. माझ्या हाताच्या थरथरीला यामुळे ऐतिहासिक आधार मिळाला.

ओरखडे देताना मात्र सवय आडवी आली. स्पंजने टिपलेला एक मिलिमीटरचा ठिपका या प्रमाणात सोळा मिलिमीटरचा होतो, म्हणजे चिलखतावरून नाण्याएवढा रंग उडाल्यासारखा दिसतो. पहिली बाजू अशा नाण्यांनी भरून गेल्यावर ती पुन्हा रंगवली, आणि नंतरचे ओरखडे भिंगाखाली सर्वांत बारीक ब्रशने काढले. उघड्या धातूची चकाकी मी प्रामुख्याने दातेरी चाकांच्या दातांवर आणि पट्ट्यांच्या जमिनीला टेकणाऱ्या कडांवर दिली. बाकीच्या चाकांना रबरी धावा असल्याने तिथे चकाकणारे पोलाद दाखवणे चूक ठरले असते.

शेवटचे काम चिखलाचे होते. पूर्व आघाडीवर गुंतलेल्या चाकांमध्ये चिखल आणि बर्फ साचून गोठत असे, आणि तसेच दाखवायचे असे मी सुरुवातीपासून ठरवले होते. त्यासाठी मातीचे मिश्रणही कालवून ठेवले. पण ती अठ्ठेचाळीस चाके पाहिल्यावर त्यांच्यावर काही थापण्याचा धीर झाला नाही. ब्रशने कोरडी धूळ तेवढी दिली आणि मिश्रण झाकण लावून ठेवून दिले.